‘नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणजे प्रोग्राम मेला असं नाही

संगणकाच्या टिप्स म्हणून एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: ‘विंडोवर नॉट रिस्पॉन्डिंग दिसलं की प्रोग्राम क्रॅश झाला समजा, टास्क मॅनेजरमधून लगेच बंद करा. कारण एकच, रॅम कमी. प्रोग्रामरने लूपमध्ये डूइव्हेंट्स टाकलं तर हे होतच नाही.’ (लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्रामचा भाग; डूइव्हेंट्स म्हणजे ते काम मधेच थांबवून साचलेले क्लिक वगैरे हाताळायला लावणारी आज्ञा.) यातल्या पहिल्या सल्ल्याने लोकांचं केलेलं काम बुडतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

क्रॅश झालेली प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, संपलेली असते. ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ही पाटी जिवंत प्रोसेसवर लागते. विंडोजमध्ये माऊसचा क्लिक, दाबलेली कळ, विंडो पुन्हा रंगवण्याची मागणी, हे सगळं प्रोग्रामकडे मेसेज म्हणून येतं. थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला, एकामागून एक सूचना पार पाडणारा कामाचा एक धागा. ज्या थ्रेडने विंडो उघडली त्या थ्रेडची स्वतःची रांग असते. गेटमेसेज हे विंडोजचं फंक्शन बोलावून तो रांगेतला एकेक मेसेज उचलतो आणि विंडो प्रोसीजरकडे, म्हणजे त्या मेसेजवर काय करायचं ते करणाऱ्या प्रोग्रामच्या भागाकडे, सोपवतो. त्या प्रोसीजरने लांबलचक काम हाती घेतलं, की ते संपेपर्यंत पुढचा मेसेज उचलायला कोणी उरत नाही. 5 सेकंद असंच गेलं की सिस्टीम मूळ विंडोच्या जागी तिची नक्कल उभी करते. तिला घोस्ट विंडो म्हणतात. ती हलवता येते, बंदही करता येते, आणि ते दोन शब्द तिच्याच शीर्षकात असतात.

सिस्टीमला एवढंच कळलेलं असतं, की या थ्रेडने बराच वेळ मेसेज मागितलेला नाही. आत लूप अनंतकाळ फिरतोय की तुमची मोठी फाइल सेव्ह होतेय, हे तिला बाहेरून ठरवता येत नाही. अशा वेळी प्रोसेस जबरदस्तीने संपवली तर तिला आवराआवर करायची संधीच मिळत नाही. फाइल अर्धवट लिहिलेली राहू शकते. आधी टास्क मॅनेजरमध्ये त्या प्रोसेसचे सीपीयू आणि डिस्कचे आकडे बघा. हलत असतील तर थांबा. हलत नसतील तर तिथल्याच ‘अ‍ॅनलाइझ वेट चेन’मध्ये ती कोणासाठी अडून बसलीय हे बरेचदा दिसतं. आणि थांबताना क्लिक करत राहू नका. पहिल्या काही सेकंदांतले क्लिक रांगेत जमतात, आणि थ्रेड मोकळा झाला की तोवर तिथे उगवलेल्या भलत्याच बटणावर पडू शकतात.

रॅमचं म्हणाल तर ती कमी पडून डिस्कवर अदलाबदल वाढली की हे होऊ शकतं, पण ‘कारण एकच’ हे साफ चूक. भरपूर रॅम असलेल्या यंत्रावरही नेटवर्कवरची फाइल किंवा प्रिंटर उत्तर देईना, आणि ती वाट विंडोचाच थ्रेड बघत बसला, तर विंडो गोठणारच. त्या वेळी सीपीयू जवळजवळ रिकामा असतो.

डूइव्हेंट्सचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो वरवर लागू पडतो. विंडो गोठत नाही खरी, पण अर्ध्या कामात रांगेतले मेसेज हाताळले जातात. वापरणारा ‘सेव्ह’ दुसऱ्यांदा दाबतो, आणि पहिलं सेव्ह अपुरं असताना तेच फंक्शन पुन्हा आत शिरतं. किंवा तो विंडोच बंद करतो, आणि लूप आता नसलेल्या गोष्टींना हात घालतो. असे दोष चाचणीत क्वचितच सापडतात.

त्याऐवजी प्रोग्रामरने लांब काम वेगळ्या थ्रेडवर न्यावं आणि प्रगती पोस्टमेसेजने कळवावी. पोस्टमेसेज निरोप रांगेत टाकून लगेच परततं. सेंडमेसेज दुसऱ्या थ्रेडच्या विंडोला पाठवलं तर उत्तर येईपर्यंत अडतं. तेवढ्यात विंडोचा थ्रेड कामाच्या थ्रेडची वाट बघत असेल, तर दोघं एकमेकांसाठी कायमचे खोळंबतात. तेव्हाही विंडोवर तेच दोन शब्द दिसतात, आणि तिथे मात्र प्रोसेस बंद करण्यावाचून वापरणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.