पंधरा आणि पन्नासच्या मधली स्कूटर

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडच्या जुन्या स्कूटरवाल्यांत सध्या एकच प्रश्न घोळतोय : गाडी ठेवायची की भंगारात द्यायची? कारणं तीन. वीस वर्षांवरच्या दुचाकीचं नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये 2000 रुपये झालं. पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. आणि दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचं जे संकट आलं ते उद्या आपल्या दारात येईल ही धास्ती. एक बाजू म्हणते, पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणारी ही टू-स्ट्रोक धूर ओकते, तिचे दिवस संपले. दुसरी म्हणते, वडिलांची गाडी आहे, कुणी हात लावायचा नाही. इटलीतल्या जेनोवात बसून हा वाद वाचताना एक गोष्ट खटकते. दोन्ही बाजू गाडीच्या वयावर भांडतात, तिच्या अवस्थेबद्दल कुणीच बोलत नाही.

जेनोवाचा आणि या गाड्यांचा संबंध जुना आहे. पियाज्जो कंपनी 1884 साली याच शहराच्या सेस्त्री पोनेंते भागात सुरू झाली. वेस्पा 1946 मध्ये पोंतेदेरात तयार झाली, लॅम्ब्रेटा 1947 मध्ये मिलानला इनोचेंतीच्या कारखान्यात. आपल्याकडे वेस्पा बजाजमार्फत आली आणि पुढे त्याच घडणीची चेतक झाली. लॅम्ब्रेटा मुंबईच्या एपीआय (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) या कंपनीनं बनवली. इनोचेंतीनं 1971 मध्ये लॅम्ब्रेटा थांबवल्यावर तिची यंत्रसामग्री लखनौच्या स्कूटर्स इंडियानं विकत घेतली आणि त्यातून विजय सुपर निघाली. म्हणजे देवरुखच्या एखाद्या पडवीत उभी असलेली विजय सुपर वंशानं मिलानचीच.

इटलीत गाडी बनून 20 वर्षं झाली की तिच्या ऐतिहासिक महत्त्वाचा दाखला मागता येतो. वाहन कायद्यानं मान्यता दिलेल्या नोंदवह्या हा दाखला देतात. त्यात 1966 साली स्थापन झालेली 'आझी' ही जुन्या गाड्यांची संस्था आहे, आणि मोटरसायकल महासंघाची वेगळी नोंदवही आहे. फोटो, चासी नंबर, इंजिन नंबर आणि गाडी मूळ रूपात आहे का, हे पाहून दाखला मिळतो. तो नोंदणीपत्रावर चढला की 20 ते 29 वर्षांच्या गाडीचा वार्षिक कर निम्मा होतो. तीस वर्षं पूर्ण झाली की तो कर उरत नाही, गाडी रस्त्यावर काढली तर थोडीशी रक्कम भरायची. दर दोन वर्षांनी तपासणी मात्र चुकत नाही. आणि गाडी चालवता येते, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे जुलै 2021 पासून विंटेजचा नियम आहे. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली. पहिल्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला 5000. पण अशी गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. मग 1982 ची विजय सुपर किंवा 1990 ची चेतक कुठे बसते? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग करत राहायचं. त्या शुल्काच्या तक्त्यात पायदान कुजलेल्या गाडीला जे 2000, तेच निगुतीनं जपलेल्या गाडीलाही. भांडायचं असेल तर या मधल्या पोकळीवर भांडावं. पण मग अवस्था म्हणजे काय, हे आपल्यालाही नेमकं सांगता आलं पाहिजे.

कोकणात पहिला शत्रू मीठ. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून पाणी ओढून घेतं. त्यामुळे छपराखालची, पावसाचा थेंबही न लागलेली गाडी जुलैत गंजते. जेनोवालाही खारं वारं आहे, पण रत्नागिरीच्या निम्म्याहून कमी पाऊस. शिवाय जांभ्याची तांबडी धूळ इथे नाही. ती धूळ पत्र्याच्या सांध्यांत बसते आणि खारट ओल धरून ठेवते.

वेस्पा आणि चेतकमध्ये पत्र्याची बॉडी हीच चासी असते. म्हणून पायदानाच्या रबरी पट्ट्या काढून त्याखालचा पत्रा बघा, पायदानाच्या खालची आडवी पट्टी आणि स्टँड बसतो ती जागा बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. टणटणीत आवाज आला तर पत्रा आहे, दबका आला तर पुट्टी. साधा लोहचुंबक फिरवला तरी पुट्टीवर त्याची पकड सुटते. पायदान कुजलं असेल तर गाडीची चौकटच कमकुवत झालेली असते, रंगानं ती भरून येत नाही. लॅम्ब्रेटाची चौकट नळीची आहे आणि पत्रे बोल्टनं लावलेले. तिथे पायदान बदलणं सोपं. नळी मात्र स्टँडच्या ब्रॅकेटपाशी तपासायची. भारतातून नूतनीकरण होऊन युरोपात आलेल्या कित्येक वेस्पा झगझगीत रंगाखाली जोडकाम आणि बोटभर पुट्टी घेऊन आल्या. इथले जाणकार अजून त्याचा दाखला देतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही.

गंज टाळायचा तर समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्यानं खालून धुवा, वाळवा, आणि मेण असलेला गंजरोधक स्प्रे सांध्यांत आणि मधल्या बोगद्यात मारा. पाणी जायची भोकं मात्र बुजवू नका. जळकं ऑइल फासायची आपली सवय सोडलेली बरी. त्यानं रबर फुगतं आणि धूळ चिकटून तिचा लेप बनतो. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये लोखंडी स्टड मिठामुळे जाम होतात. प्रत्येक वेळी उघडताना आट्यांवर तांब्याचं ग्रीस लावलं की पुढच्या वेळी स्टड तुटत नाहीत. नव्या हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचंही तसंच. पुढच्या पत्र्याला भोकं पाडू नका, वेगळी पट्टी लावा आणि मध्ये रबराचा वॉशर घाला.

आता इंजिन. उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोकचं पहिलं दुखणं म्हणजे क्रँकचे ऑइल सील. ते कडक होतात. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला की तिथून हवा ओढली जाते, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येत नाही. चोक ओढल्यावर रेस सावरली तर हवा आत येतेय असं धरायला हरकत नाही. तशीच चालवली तर पिस्टन जाम होणार. क्लचच्या बाजूचा सील गेला की गिअरचं ऑइल जळतं, पांढरा दाट धूर येतो आणि ऑइलची पातळी उतरते. उलटही घडतं : पेट्रोल गिअरबॉक्समध्ये उतरतं, पातळी वाढते, ऑइलला वास येतो. 'जुनी गाडी म्हणजे धूर' या समजुतीमागे बहुतेकदा हा एक सील असतो. बदलताना इथेनॉल सोसणाऱ्या वायटन नावाच्या रबराचा घ्या. गिअर ऑइल वेस्पाला 250 मिली 30 नंबर, लॅम्ब्रेटाला 700 मिली 90 नंबर. वेस्पात 90 नंबर टाकलं की क्लच चिकटतो.

वेस्पात इंधन आत सोडायची झडप म्हणजे क्रँकचा चकचकीत काठ आणि केसिंगवरची गुळगुळीत पट्टी. दोघांतलं अंतर केसाएवढं. हवेचा फिल्टर न लावता चालवली की जांभ्याची धूळ त्या पट्टीवर ओरखडे पाडते. मग गाडी सुरू व्हायला त्रास, आयडलिंगला मिसिंग, आणि दुरुस्ती म्हणजे पूर्ण इंजिन उतरवणं. 'फिल्टर काढला की पिकअप वाढतो' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

पेट्रोलवरचा वाद आकड्यांत मांडला की बराच निवळतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला 9, तर 20 टक्के मिश्रणाला साधारण 13.5. म्हणजे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रावर) गाडी सुमारे 8 टक्के लीन चालते, तापते, आणि टू-स्ट्रोकमध्ये ताप म्हणजे पिस्टनला धोका. जेटवरचा आकडा हा छिद्राचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. क्षेत्रफळ 8 टक्के वाढवायला व्यास 4 टक्के पुरतो. म्हणजे 100 चा जेट असेल तर 104 किंवा 105. मग सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेसवर थोडं पळवा, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि प्लग बघा. बिस्किटी रंग ठीक, पांढरा असेल तर अजून लीन. आयडलिंगचा स्क्रू पाव-पाव फेरा सोडत बसवा. पेट्रोलची नळी, तोटीचं पॅकिंग आणि फ्लोटची सुई हे तिन्ही वायटनचे करा. इटलीच्या पंपावर ई5, म्हणजे फार तर 5 टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं, म्हणून इथल्या लोकांना हे करावं लागत नाही. आपल्याकडे ते आता टळत नाही, पण त्यापायी गाडी भंगारात घालायची गरज नाही. साधं पेट्रोल वेगळं मिळावं ही मागणी मात्र रास्त आहे, ती सोडू नये.

पावसाळ्याचे चार महिने गाडी उभी ठेवणार असाल तर तोटी बंद करून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं इथेनॉल जस्ताच्या त्या ओतकामावर पांढरा चुरा आणतं आणि तोच जेटमध्ये अडकतो. प्लग काढून चमचाभर टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल आत सोडा, किक दोनदा हळू मारा. ताडपत्रीत गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती चादर घाला आणि चाकांखाली फळी ठेवा. टाकीत गंज धरलाच तर लिटरभर गरम पाण्यात 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून ते टाकीत एक रात्र ठेवा. देवघरातलं ताम्हण चिंचेतल्या आम्लानं उजळतं, तसंच. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं खळबळा, लगेच वाळवा, आणि आतून टूटी ऑइल फिरवा. वाळवायला उशीर केला तर तासाभरात पुन्हा तांबूस होते.

घाट उतरताना एक पथ्य. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं. कुंभार्ली किंवा आंबोली उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण मिटून इंजिनच्या ब्रेकवर आलात तर रेस जास्त आणि ऑइल जवळजवळ नाही. थोड्या थोड्या वेळानं हलकी रेस द्या किंवा क्लच दाबा. आणि ब्रेक गरम होतील, तेव्हा मध्ये थांबा.

पंक्चरवाल्याकडे लक्ष ठेवा. या चाकांची रिम दोन अर्ध्यांची असते. चाक उतरवायचे नट वेगळे, दोन अर्धे जोडणारे वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना जोडणारे नट सोडले तर रिम उडून माणूस जायबंदी होतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढायची, मग पाना लावायचा. लॅम्ब्रेटाच्या मागच्या हबचा नटही अंदाजानं आवळायचा नाही. तो सुमारे 200 न्यूटन-मीटर मागतो. सैल राहिला तर हब शाफ्टचे दाते खातो, आणि हे आपल्याकडे फार होतं, कारण टॉर्क पाना बऱ्याच गॅरेजांत नसतो.

धुराबद्दल विरोधकांचं म्हणणं खोटं नाही. सील, जेट, प्लग सगळं नीट असलं तरी टू-स्ट्रोकमधून काही न जळलेलं मिश्रण बाहेर जातंच. पीयूसीच्या मर्यादाही हे मान्य करतात : 2000 पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्के आणि हायड्रोकार्बन दहा लाखात 9000 भाग, त्यानंतरच्या टू-स्ट्रोकला 3.5 आणि 6000. रोज चाळीस किलोमीटर कामावर जायला ही गाडी नाही, हे आपण मान्य करायला हवं. जेनोवातही 2016 च्या सुमारास 1999 पूर्वीच्या दुचाकींना शहराच्या मध्यभागी दिवसा बंदी घालायचा बेत झाला आणि मोठा गदारोळ उठला. वेस्पाच्या कंपनीच्या जन्मगावीही ती आपोआप पूज्य ठरत नाही.

म्हणून मागणी नेमकी असावी. पंचवीस ते पन्नास वर्षांच्या गाड्यांचा वेगळा वर्ग करा. पाच वर्षांऐवजी दर दोन वर्षांनी तपासणी घ्या, पण त्यात चौकट, ब्रेक, धूर खरोखर पाहा. वापरावर किलोमीटरची मर्यादा घाला. त्या बदल्यात शुल्क कमी करा आणि गाडी चालवू द्या. लॅम्ब्रेटाचे कितीतरी सुटे भाग आजही भारतात बनून युरोपात जातात. गाड्या चालत राहिल्या तर ते बनवणारे हातही टिकतील.

तोवर प्रत्येकानं गाडीची फाइल करावी. चारही बाजूंचे फोटो, चासी नंबरचा आणि इंजिन नंबरचा जवळून काढलेला फोटो, बदललेल्या भागांची तारखेसह यादी. इंजिन बदललं असेल तर ते आरसीवर चढवून घ्या, नाहीतर नंबर न जुळल्यानं पुढे सगळं अडतं. आणि स्मार्ट कार्ड मिळालं म्हणून जुनं आरसी पुस्तक रद्दीत घालू नका. पहिला मालक, निर्मितीचं वर्ष आणि मूळ इंजिन नंबर ज्यावर एकत्र आहेत असा कागद बहुधा तोच असतो.