यादीतले डॉक्टर भेटतील तर शपथ!

इन्शुरन्सच्या वेबसाइटवरची डॉक्टरांची यादी उघडली की डोकं फिरतं माझं. अमेरिकेत आजारी पडलात की आधी ‘इन-नेटवर्क’ कोण, म्हणजे आपल्या इन्शुरन्स कंपनीशी करार असलेले आणि म्हणून कमी पैशांत पडणारे डॉक्टर कोण, ते शोधा. नावासमोर ठळक लिहिलेलं असतं, नवीन पेशंट घेतात. फोन लावला की कळतं, डॉक्टर कधीच ते क्लिनिक सोडून गेलेत. नाहीतर, “तुमची इन्शुरन्स कंपनी चालते, पण तुमचा हा प्लॅन नाही चालत.” मग कार्डावरचा ग्रुप नंबर वाचा, होल्डवर थांबा, परत जन्मतारीख सांगा. तेही अंगात ताप असताना!

कायदा नाही असंही नाही. २०२२ पासून लागू असलेल्या नो सरप्रायझेस ॲक्टप्रमाणे कंपनीने ही यादी निदान दर ९० दिवसांनी तपासायची असते. यादीच चुकीची निघाली आणि तुम्ही तिच्यावर विसंबून गेलात, तर तुमच्याकडून इन-नेटवर्कइतकेच पैसे घ्यायचे, हेही त्यात आहे. पण भांडायचं कोणी? पेशंटनेच. म्हणून मी आता यादीचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवते आणि फोनवर बोलणाऱ्याचं नाव लिहून घेते. (तुम्हीही ठेवा, खरंच.)

मानसोपचारतज्ज्ञ शोधणाऱ्यांचे हाल तर बघवत नाहीत. आधीच खचलेल्या माणसाने एकेक नंबर फिरवत नकार ऐकत बसायचं? प्रीमियम दर महिन्याला पगारातून न चुकता कापला जातो. मग चालू फोन नंबर आणि खरोखर भेटणारा डॉक्टर एवढं तरी द्या ना!