खुलासा : ‘हवाबंद’ घरात जीव गुदमरत नाही

जुन्या वस्तीतल्या रिकाम्या जागांवर ऊर्जाबचतीची परवडणारी घरं बांधण्याविरुद्ध एक संदेश फिरतोय : ‘ही घरं हवाबंद असतात, आत गुदमरायला होतं, भिंतींना बुरशी लागते.’

हे खरं नाही. बंद केल्या जातात त्या फक्त नकळत राहिलेल्या फटी : खिडकीच्या चौकटीभोवतीच्या, पाइप भिंतीतून जातो तिथल्या, स्विचबोर्डच्या मागच्या. दारात मोठा पंखा बसवून आत-बाहेरच्या हवेत ५० पास्कल (दाबाचं एकक) इतका फरक ठेवून ही गळती मोजतात. पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत भागणाऱ्या घरांच्या, मानकात त्या दाबाला तासाला घरातल्या हवेच्या ०.६ पटच गळती चालते. ताजी हवा मात्र वायुवीजनाच्या सोयीतून ठरवून, सतत आत येते. थंड हवामानात बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता तिला दिली जाते. खिडक्याही उघडतातच!

बुरशी धरते ती दमट हवा थंड भिंतीवर ओल सोडते तिथे. नीट उष्णतारोधन केलेली भिंत आतून उबदार राहते. हां, फटी बुजवून वायुवीजनच गाळलं तर बुरशी येणार. तो पैसा वाचवू नका. वाचवायचाच तर घराचा आकार साधा ठेवा, शेजारच्या घराशी भिंत जोडा. १९९१मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट इथे पूर्ण झालेलं पहिलं पॅसिव्ह हाउस म्हणजे एकमेकांना जोडलेली चार घरंच होती.