आधी हमी, हक्कांचं बघू नंतर

परवा एका सरकारी निर्यात पतहमी संस्थेकडून मला उत्तर आलं. (आपल्या कंपनीचे परदेशातल्या व्यवहारात पैसे बुडाले तर सरकार भरून देईल, अशी हमी देणारी ही संस्था.) परदेशातल्या एका प्रकल्पाला हमी देण्याआधी तिथल्या माणसांच्या हक्कांचा तुम्ही काय विचार केलात, एवढंच विचारलं होतं. पानं पुष्कळ आली, पण सगळ्यांवर काळी शाई फासलेली. धड वाचता येणारं वाक्य एकच: ‘मानवी हक्कांचा यथायोग्य विचार करण्यात आला आहे.’ बाकी सगळं व्यावसायिक गोपनीयतेत. बरोबरच आहे. आपल्या जमिनीचं काय होणार हे जमीनवाल्यालाच कळलं, तर कंपनीचं गुपित राहील कसं?

उद्या तुमची नेमणूक अशा एखाद्या संस्थेत झाली, तर पुढचे कानमंत्र जवळ असू द्या.

‘जोखीम’ हा शब्द सढळ हाताने वापरा, फक्त कोणाची ते लिहू नका. मोझांबिकच्या काबो देल्गादो प्रांतात ऑक्टोबर 2017 पासून सशस्त्र हिंसाचार चालू होता. तरी 2020 मध्ये ब्रिटनच्या निर्यात वित्त संस्थेने तिथल्या वायू प्रकल्पाला 1.15 अब्ज डॉलर देऊ केले. मार्च 2021 मध्ये जवळच्या पाल्मा शहरावर हल्ला झाला आणि काम थांबलं. ब्रिटनने अंग काढून घ्यायला डिसेंबर 2025 उजाडला. अमेरिकेच्या एक्झिम बँकेने, म्हणजे तिथल्या अशाच सरकारी संस्थेने, तर त्याच वर्षी मार्चमध्ये 4.7 अब्ज डॉलरच्या कर्जावर पुन्हा शिक्का मारला. तेव्हा धीर सोडू नका.

मुदत आखूड ठेवा. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने अशा हमींसाठी पर्यावरण आणि माणसांवरच्या परिणामांची सामाईक छाननी ठरवली आहे, पण ती दोन वर्षं किंवा त्याहून लांब परतफेडीलाच लागू होते.

तोफा विकायच्या असतील तर प्रश्नच मिटला. लष्करी सामग्री त्या छाननीच्या बाहेर ठेवली आहे. वीजनिर्मितीची यंत्रं विकताना माणसांवर काय परिणाम होईल ते तपासायचं, तोफ विकताना नाही. (शस्त्रांचा परवाना दुसरं खातं बघतं, असं सांगतात. बघत असेलही.)

सगळ्यात घातक प्रकल्प ‘अ’ वर्गात टाका आणि त्याचा परिणाम-अहवाल अंतिम निर्णयाच्या 30 दिवस आधी जाहीर करा. कंपनीला आराखडे आणि कर्ज जुळवायला वर्षं लागतात, पण गावाला महिना पुरे. शेकडो पानं, तीही परक्या भाषेत, ज्याला वाचायची त्याने वाचावीत. तेही जड जात असेल, तर ‘अपवादात्मक कारण’ सांगून न छापण्याची सोय नियमातच आहे.

आता मुख्य कानमंत्र: अटी घाला, भरपूर घाला, पण सही झाल्यावर पाळायच्या. तुर्कस्तानातल्या इलिसू धरणाला 2007 मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडने हमी दिली, सोबत 153 अटी. पुनर्वसन, पर्यावरण, हसनकेफसारखं प्राचीन नगर, कशाकशाच्या अटी! म्हणजे या 153 गोष्टी जाग्यावर नाहीत, हे सही करताना तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असूनही सही केलीत! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. अटी पाळल्या जात नाहीत म्हणून जुलै 2009 मध्ये तिघांनीही हमी मागे घेतली. त्यासाठी कार्यकर्त्यांना किती वर्षं डोकेफोड करावी लागली, ते विचारू नका. मागे घेतली हे चांगलंच केलं, नाही म्हणत नाही. पण तोवर धरण रुळावर आलं होतं. तुर्कस्तानने घरचा पैसा ओतला, 2019 मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि हसनकेफ बुडालं. हजारो माणसं उठली. त्या 153 अटी सहीच्या आधी पुऱ्या करून घेतल्या असत्या तर? एवढा प्रश्न एकाही साहेबाला पडला नसेल?

‘आपण नाही दिलं तर चीन देईल’ हे वाक्य पाठ करा, प्रत्येक फाइलला चालतं.

आणि तक्रारीची खिडकी मात्र अजिबात उघडू नका. प्रकल्पाची झळ बसलेल्यांच्या तक्रारींसाठी जागतिक बँकेने 1993 मध्ये तपासणी मंडळ नेमलं, म्हणून आपणही नेमावं असं थोडंच आहे? जपानने आक्षेप नोंदवण्याची सोय केली आहे, तिकडे पाहूच नका. उद्योग आणि मानवी हक्कांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2011 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये चौथ्या तत्त्वात निर्यात पतसंस्थांचं नाव घेऊन सांगितलंय, की अशा संस्थांच्या पाठिंब्यावर चालणाऱ्या कंपन्यांबाबत सरकारांनी जास्तीची काळजी घ्यावी. तत्त्वच ते, कायदा थोडाच आहे! ओईसीडीचीही नुसती शिफारसच.

पुरे झालं. साहेब, कंपनीचे पैसे बुडाले तर तुम्ही जनतेच्या तिजोरीतून भरून देता, त्यासाठी तुमच्याकडे कलमं आहेत, मुदती आहेत, टक्केवारी आहे. ज्याचं शेत बुडालं त्याने कुठल्या खिडकीवर जायचं, याचा साधा पत्ताही तुमच्याकडे नाही. आणि मी विचारलं की काळी शाई! हमी देण्याआधी अहवाल छापा, तिथल्या लोकांच्या भाषेत छापा, कोणते अर्ज का नाकारलेत तेही छापा. हे करायचं नसेल, तर ‘मानवी हक्क’ हा रकाना फॉर्मवरून काढून टाका आणि ‘यथायोग्य विचार’ केल्याचं खोटं लिहिणं बंद करा.