हार्डी, पण कुठला?

"येताना हार्डीचं पुस्तक आणा," एवढंच नाना फोनवर म्हणाले. नाना म्हणजे माझे सासरे, गणिताचे निवृत्त शिक्षक. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला, आमच्या लेखी हार्डी एकच, कादंबरीकार थॉमस. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात मागितलं तर काउंटरवरच्या पोराने विचारलं, "सिनेमातला, लॉरेलवाला?" मी तुच्छतेने हसलो आणि थॉमसची 'टेस' ही कादंबरी घेऊन गेलो.

नानांनी पानं चाळली. पुन्हा चाळली. "यात गणित कुठंय?"

त्यांचा हार्डी जी. एच., केंब्रिजचा गणितज्ञ. आपल्या हातून उपयोगाचं असं काहीही झालं नाही, हे त्याने १९४० साली पुस्तक लिहून अभिमानाने सांगितलं. नववीची पोरंही गणिताबद्दल याहून वेगळं बोलत नसत, पण त्यांना नाना अंगठे धरून उभं करत. थॉमसराव १९२८ साली डॉर्सेटला वारले. तोवर दोन्ही हार्डी इंग्लंडातच नांदत होते. पोस्टमनचे काय हाल झाले असतील!

दुकानात पाटी होती, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. नानांना पैसे फुकट गेलेले सोसत नाहीत. त्यांनी पेन्सिल घेऊन 'टेस' वाचायला घेतली आणि रोज रात्री साडेनऊला माझा फोन वाजू लागला.

"अहो, घोडा मेला."

"हो नाना."

दोन दिवसांनी, "आता बाळही गेलं. हा माणूस नुसती वजाबाकीच करतो का?"

जणू कादंबरी मीच लिहिली होती. मी आवंढा गिळून "पुढे वाचा" म्हणायचो, आणि पुढे काय आहे ते मला ठाऊक होतं.

काल फोन साडेनऊच्या आधीच आला. "पोरीने एवढं मन मोकळं करून पत्र लिहिलं, होणाऱ्या नवऱ्याच्या दाराखालून सरकवलं, आणि ते सतरंजीखाली गेलं?"

"हो नाना."

"आमच्या हार्डीला १९१३ साली मद्रासहून पत्र गेलं होतं! पोर्ट ट्रस्टमधल्या कारकुनाचं, रामानुजनचं. ते सातासमुद्रापार पोचलं. तुमच्या हार्डीला दाराच्या आत एक पत्र पोचवता येईना?"

"नाना, ती कादंबरी आहे."

"म्हणून काय झालं? आणि शेवट सांगू नका."

त्या पोरीच्या फाशीपर्यंत नाना अजून पोचलेले नाहीत. अंदाजे गुरुवारी पोचतील. गुरुवारी मी फोन बंद ठेवणार आहे.