येशू सोबत आहे ना, मग एकटं कसं वाटतं?

हे वाक्य ज्यांनी ज्यांनी मला ऐकवलंय त्यांच्यावर राग नाही, प्रेमानेच म्हणतात बिचारे. पण आपल्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, बरेच जण माझ्या पोस्ट वाचतात म्हणून एकदा लिहूनच टाकतो. एकटं वाटणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. बायबल उघडून बघा जरा, त्यातले अर्धे लोक एकटे, कंटाळलेले, देवाशी भांडणारे आहेत आणि देवाने त्यांना 'माझ्यावर भरवसा नाही का' म्हणून घराबाहेर काढलेलं नाही.

आई गेल्यापासून मी चिंचवडला फ्लॅटवर एकटाच असतो. लग्न केलं नाही (का, ते कमेंटमध्ये विचारू नका, चर्चच्या गेटवर विचारून झालेलं आहे सगळ्यांचं). सोमवार ते शनिवार काही वाटत नाही, शिफ्ट, कंपनीची बस, घरी येऊन भात टाकला की झोप. बेकार जातो तो रविवार. उपासनेला सगळे फॅमिलीने येतात, बाकावर फॅमिलीने बसतात, शेवटचा आशीर्वाद झाला की गेटवर 'जय ख्रिस्त' 'जय ख्रिस्त' हात मिळवून होतात आणि मग ज्याची त्याची गाडी ज्याच्या त्याच्या घरी, कुणाकडे मटण, कुणाकडे पाहुणे, आणि दुपारी दीड वाजता मी एकटा फ्लॅटचं कुलूप उघडत असतो. आख्ख्या आठवड्यात सगळ्यात जास्त एकटं मला चर्चवरून घरी आल्यावर वाटतं, हे ऐकायला विचित्र आहे पण खरं आहे, आणि असं वाटणारा मी एकटाच नसणार याची मला खात्री आहे.

कंपनीतला एक मित्र, तो माळकरी, वारी करणारा, त्याने मला एकदा सरळ विचारलं की तुझा देव काही बोलतो का रे तुझ्याशी. मी म्हटलं नाही, आवाजबिवाज काही येत नाही. मग काय मिळतं? त्यावर तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, आता सांगतो.

पहिलं म्हणजे तक्रार करायला जागा मिळते. आपल्याकडे बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं तेविसावं स्तोत्र ('परमेश्वर माझा मेंढपाळ') सगळ्यांना पाठ, मयतीला तेच, वाढदिवसाला तेच, फ्रेमवर तेच. अठ्ठ्याऐंशीवं कुणी फ्रेम करून लावलेलं मी बघितलं नाही. ते वाचा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसतं रडगाणं आहे, माझे ओळखीचे लोक तू माझ्यापासून दूर केलेस, मी हाका मारतोय, तू तोंड का लपवतोस, आणि संपतं कशावर, तर अंधारावर. दुसऱ्या बऱ्याच स्तोत्रांत शेवटी 'तरी मी तुझा धन्यवाद करीन' असं काहीतरी येतं, इथे तेही नाही. कुणीतरी इतकं कडू लिहिलं, लोकांनी ते पवित्र शास्त्रात ठेवलं, आणि आज मी ते चिंचवडला रात्री खुर्चीत बसून मोठ्याने वाचतो. मोठ्याने वाचायचंच, मनात नाही. रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकू आला तरी फरक पडतो, आणि शब्द मला शोधावे लागत नाहीत, माझ्याआधी कुणीतरी शोधून ठेवलेत.

आणि मग गुड फ्रायडे. दुपारी बारा ते तीन, येशूचे क्रुसावरचे सात उद्गार, वेगवेगळ्या वक्त्यांना वाटून दिलेले. मी लहानपणी चौथ्या उद्गारापर्यंत पेंगायला लागायचो, आता मी फक्त त्या चौथ्यासाठी जातो म्हटलं तरी चालेल. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. प्रभूला मरतानासुद्धा प्रार्थनेसाठी जुनंच स्तोत्र आठवलं, आणि तेही असलं. आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने तीन शिष्यांना सांगितलं होतं की जरा जागे राहा माझ्यासोबत, मोठं काही मागितलं नव्हतं, आणि ते झोपले. पाळकसाहेब लोक या उद्गारावर बोलताना घाईघाईने पुनरुत्थानाकडे पळतात, मला ते आवडत नाही, थांबा की थोडं तिथे. माझा सगळा दिलासा तिथेच आहे. मी ज्याच्याशी रात्री बोलतो त्याने स्वतः 'का सोडलंस' असं विचारलेलं आहे, म्हणजे मला त्याच्यापुढे आनंदी चेहरा करून बसायची गरज नाही.

एलिया संदेष्ट्याची गोष्ट संडे स्कूलला अर्धीच सांगतात, कर्मेल डोंगर, स्वर्गातून अग्नी, टाळ्या. त्याच्या पुढचा अध्याय बघा, १ राजे १९. तोच माणूस ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला पुरे झालं, आता माझा जीव घे. देवाने त्याला प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं, दूत पाठवला, गरम भाकर आणि पाणी, परत झोप, परत भाकर. आधी पोट आणि झोप, बोलणं नंतर. म्हणून ज्यांना खरोखर जगू नये असं वाटतंय, झोप उडाली आहे, त्यांना नुसतं 'प्रार्थना वाढव' सांगणाऱ्यांनी हा अध्याय वाचावा आणि त्या माणसाला डॉक्टरकडे घेऊन जावं, स्वतः सोबत जावं. डॉक्टरकडे गेल्याने विश्वास बुडत नाही. पुढे एलिया दोनदा म्हणतो की मीच एकटा उरलोय, तेव्हा देव सांगतो अजून सात हजार आहेत बाबा, आणि त्याला अलीशाकडे, त्याच्यानंतरच्या संदेष्ट्याकडे, पाठवतो. म्हणजे देवाने त्याला शेवटी माणूसच दिला सोबतीला.

पण माझं सगळ्यात आवडतं म्हणजे पौलाचं त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेलं दुसरं पत्र, शेवटचा अध्याय. एवढा मोठा प्रेषित, रोममध्ये कैदेत, मरण समोर दिसतंय, आणि लिहितो काय? देमास मला सोडून गेला. लूक तेवढा आहे जवळ. मार्कला घेऊन ये. त्रोवस गावात कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो आण, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर नक्की. कोर्टात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझ्या बाजूने कुणी आलं नाही. आणि हिवाळ्याच्या आधी ये! तिथेच तो असंही लिहितो की प्रभू माझ्याजवळ उभा राहिला. दोन्ही एकाच पानावर. प्रभू जवळ आहे म्हणून मग तीमथ्याची गरज नाही असं तो म्हणत नाही, आणि आपण मात्र एकमेकांना नेमकं तेच सांगतो.

आपल्या महाराष्ट्रातलंच बघायचं तर पंडिता रमाबाई. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, मग भाऊ गेला, १८८२ ला नवरा कॉलऱ्याने, हातात छोटी मनोरमा. बाप्तिस्मा घेतला १८८३ ला, तोही इंग्लंडमध्ये, आपली भाषा बोलणारं कोण असणार तिथे. पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, शेकडो बायकामुली, आणि १९२१ ला मनोरमासुद्धा आईच्या आधी गेली. पुढच्याच वर्षी बाई गेल्या, हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर तेवढं मागे ठेवून. आणि 'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाई टिळक, त्यांचे यजमान कवी ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि या नवरा असून कित्येक वर्षं त्याच्यापासून लांब राहिल्या, म्हणजे इथे तर विश्वासानेच घर तोडलं. आम्हा नगरकडच्या बऱ्याच जणांचे पणजोबा भावकीसकट, वस्तीच्या वस्ती ख्रिस्ती झाले, त्यामुळे ते एकटेपण आपल्याला घरात ऐकायला मिळालेलं नाही. टिळकांची गीतं आपण दर रविवारी म्हणतो, पण ती लिहिणाऱ्याच्या घरात काय चाललं होतं हे कितीजणांना माहीत आहे?

आता मंडळीबद्दल. व्हॉट्सअपवर प्रार्थना विनंती टाकली की हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते, 'आमेन' 'प्रभू समर्थ आहे', आणि दारात एकही चप्पल दिसत नाही. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू काय म्हणतो, आजारी होतो तेव्हा तुम्ही भेटायला आलात, तुरुंगात होतो तेव्हा आलात. आलात! नाताळात कॅरल पार्टी आमच्या बिल्डिंगपर्यंत येऊन गेली, वर माझ्याकडे नाही आली, कारण 'तिथे एकटाच तर असतो'. मी मावशीने पाठवलेल्या करंज्या आणि चकल्या डब्यातून काढून ठेवल्या होत्या, गाण्यांचा आवाज खालून ऐकत बसलो. दुसऱ्या दिवशी अर्धा डबा वॉचमनकाकांना दिला आणि त्यांच्यासोबत चहा घेतला, ते ख्रिस्ती नाहीत आणि तो माझा नाताळ बरा गेला.

तर मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांना एक सूचना, वार्षिक सभेत मांडणारच आहे. मंडळीत एकटे राहणारे किती आहेत याची एक यादी करा, विधवा बायका, म्हातारे ज्यांची मुलं बाहेर आहेत, पीजीत राहणारी पोरं, माझ्यासारखे. रविवारी उपासनेनंतर एकेका घराने एकाला जेवायला घेऊन जायचं, साधं वरण-भातही चालेल. खर्च शून्य, ठराव पाच मिनिटांचा. फॅमिली संडे वर्षातून एकदा मोठा साजरा होतो त्याला माझी ना नाही, पण त्या दिवशी आम्ही कुठल्या बाकावर बसायचं तेवढं आधी सांगा.

आणि तोपर्यंत माझ्याकडे रविवारी चार नंतर चहा असतो. कुठल्याही धर्माचे या. फोन करून या, दुपारी झोपलेला असतो मी आणि बेल बंद आहे.