चकली, कॉन्सोल आणि कालनिर्णय

आमच्या आत्याचा भाजणी-मेतकूट-गोडा मसाल्याचा घरगुती उद्योग इंदूरच्या रामबागेत आहे आणि त्याची वेबसाइट माझ्या गळ्यात आहे. ही साइट एका रात्रीत गुगलवरून गायब झाली असती तर बरं झालं असतं. असं झालं की कारण सापडतं. कुणीतरी नोइंडेक्स, म्हणजे ‘हे पान निकालांत दाखवू नका’ ही पाटी, लावून ठेवलेलं असतं, नाहीतर गुगलच्या यंत्राला कुठे शिरायचं ते सांगणाऱ्या रोबॉट्स फाइलने दारं बंद केलेली असतात. आमची मात्र हळूहळू घसरत होती. अशा साइटला आरोपी नसतो, आणि आरोपी नसला की आमच्या घरात सगळेच वकील होतात.

आतोबांच्या मते नजर लागली. आतेभाऊ म्हणाला, “अल्गोरिदम बदललाय, भिया.” हे निदान कधीच चुकत नाही, कारण तो सतत बदलतच असतो. आत्याला तर तक्रारच मान्य नव्हती. “आत्ताच बघितलं, आपण पहिलेच आहोत!” ती रोज दुकानाचं नाव टाकून शोधते. नाव घेऊन येणारी गिऱ्हाइकं कुठे जात नाहीत हो. जातात ती नुसतं ‘चकली भाजणी’ लिहिणारी.

मग सर्च कॉन्सोल उघडलं, म्हणजे आपण शोधात कितव्या जागी, किती वेळा दिसलो आणि किती क्लिक मिळाले याची गुगलचीच वही. जागा तीच, दिसणंही तेवढंच, पण क्लिक कमी, तर उत्तर गुगलने वरच देऊन टाकलं असावं. जागा तीच आणि दिसणंच कमी, तर लोक शोधतच नाहीत. जागाच खाली गेली, तर दुसरा कुणी वर बसलाय. हे मी समजावून सांगेपर्यंत आतोबा सराफ्याच्या खाऊगल्लीत निघून गेले होते.

कॉन्सोलला 16 महिन्यांपलीकडचं आठवत नाही. (आत्याला स्वतःच्या लग्नातले मानपान अजून तोंडपाठ आहेत.) मी 2025चा ऑक्टोबर 2024च्या ऑक्टोबरशेजारी ठेवला, तर महिनाअखेरीला आलेख असा कोसळलेला की माझ्याच पोटात गोळा आला. आत्याने शांतपणे दोन्ही वर्षांची कालनिर्णयं आणली. 2024ची दिवाळी महिन्याच्या अखेरीस होती, 2025ची दहा-अकरा दिवस आधीच उरकलेली. फराळ संपल्यावर भाजणी कोण शोधणार? 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणजे दिवाळी थेट नोव्हेंबरात. गुगलला तारीख कळते, तिथी नाही.

दिवाळीला दिवाळी जुळवल्यावर खरी घसरण उरली. ‘चकली भाजणी’वर आम्ही तिसऱ्या जागेवरून नवव्यावर. त्या शब्दाखाली पानांची यादी उघडली तर आमचीच दोन पानं: एक आत्याचं जुनं, दुसरं आतेभावाने हौसेने केलेलं ‘भाजणी चकली पीठ’. गुगल आलटून पालटून एकदा याला, एकदा त्याला पुढे करत होता. दोन्हींचं एक पान करावं, दुसऱ्याचा पत्ता 301ने, म्हणजे ‘कायमचं घर बदललं’ या निरोपाने, तिकडे वळवावा, असं मी म्हटलं. कुणाचं पान ठेवायचं यावर मायलेकांत अबोला आहे.

आणि वर कोण बसलंय? ज्यांनी तांदूळ-डाळींचं प्रमाण वाटीने मोजून लिहिलंय ते. “आत्या, तू पण लिही ना.” प्रमाण सांगणं म्हणजे तिजोरीची किल्ली देणं, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. पण तिने चष्मा लावून पहिल्या नंबरचं पान मात्र शेवटपर्यंत वाचलं.

“एवढं मोहन? चकल्या तेलात हसतील!” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “हे गुगलला कळवायची काही सोय आहे का रे?”